तिळाएवढ्या माशीचे बारसे

आपल्याकडे मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. ज्याला नाव नाही त्याला हाक मारता येत नाही. आणि ज्याला हाक मारता येत नाही त्याचा ठावठिकाणा चारचौघांत विचारताही येत नाही. आज मी आपणांस अशाच एका बारशाची हकीकत सांगणार आहे. हे बारसे १९०८ साली कलकत्त्यास झाले. पाळण्यात मूल नव्हते. होती एक तिळाएवढी माशी. त्या प्रसंगी पाहुणे जमले नाहीत, घुगऱ्या वाटल्या गेल्या नाहीत, आणि एका शास्त्रीय नियतकालिकातील काही पाने सोडली तर त्याची वार्ता कोठे छापूनही आली नाही. तथापि पुढे चाळीस वर्षांच्या आत या एका नावावर असंख्य माणसांच्या जीविताचा हिशेब अवलंबून राहिला.

प्रथम या माशीची ओळख करून देतो. इंग्रजी आमदानीत हिच्या कुळाला 'सँडफ्लाय' म्हणत. आपण वाळूमाशी म्हणतो. वाळूशी हिचा संबंध नावापुरताच. लांबी दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे डासाहून पुष्कळच लहान. सर्वांगावर दाट केस, लांब काटकुळे पाय, आणि बसली असता पंख पाठीवर मिटून न घेता ते वर उभारून ठेवण्याची सवय. डासासारखी गुणगुण ती करीत नाही. उडणेही बेताचेच, भिंतीवर लहान लहान उड्या घेत ती पुढे सरकते. दिवसा ती गोठ्याच्या किंवा मातीच्या घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीच्या भेगांत दडून राहते आणि सांज झाली म्हणजे बाहेर पडते. तिचा नर वनस्पतींच्या रसावर संतुष्ट असतो. मादीला मात्र अंडी घालण्यासाठी रक्त लागते. डासाची पैदास पाण्यात होते. हिच्या अळ्या शेणामातीच्या ओलसर जमिनीत वाढतात. आपण ज्यांना चिलटे म्हणून हाताने झटकतो त्यांत अशा माश्या कित्येकदा असतात, परंतु थांबून पाहण्याचे आपल्या मनात येत नाही.

ते ज्यांच्या मनात आले त्या दोन गृहस्थांकडे आता वळू. पहिले नेल्सन ॲनन्डेल. हे स्कॉटलंडचे प्राणिशास्त्रज्ञ १९०४ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये रुजू झाले आणि १९०७ साली त्या संग्रहालयाचे मुख्य अधिकारी झाले. त्याच वर्षी त्यांनी संग्रहालयाचे स्वतःचे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. गोड्या पाण्यातील स्पंजांपासून सरड्यांपर्यंत त्यांची जिज्ञासा पसरलेली होती. पुढे १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालकपद त्यांच्याकडेच आले.

दुसरे गृहस्थ एनरिको ब्रुनेट्टी. यांचा व्यवसाय ऐकून आपणांस नवल वाटेल. हे पेशाने वादक होते. नाव इटालियन असले तरी राहणारे इंग्लंडचे. वाद्यावर पोट भरीत पूर्वेकडील देशांतून हिंडता हिंडता ते १९०४ च्या सुमारास कलकत्त्यास स्थिरावले. चरितार्थासाठी संगीत आणि जिवासाठी माश्या, असा त्यांचा क्रम होता. ज्या कीटकांना पंखांची एकच जोडी असते त्या द्विपंखी कीटकांचा, म्हणजे माश्या, डास व चिलटे यांचा, त्यांनी इतका खोल अभ्यास केला की 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या सरकारी ग्रंथमालेतील माश्यांवरील खंड लिहिण्याचे काम या वादकाकडे आले. कोणत्याही विद्यापीठाच्या गादीवर न बसलेल्या माणसाने केवळ आवडीपोटी किती काम करावे याचे हे उदाहरण आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता एखाद्या माशीचे 'वर्णन करणे' म्हणजे नेमके काय? पुष्कळांची समजूत अशी की, अपरिचित प्राणी सापडला की त्याला एक लॅटिन नाव ठेवून द्यायचे. प्रत्यक्षात नाव हे शेवटचे पाऊल होय. त्याआधी हातातला प्राणी खरोखर नवा आहे की पूर्वी कोणी सांगितलेलाच आहे हे ठरवावे लागते. त्यासाठी जुनी सर्व वर्णने चाळावी लागतात. वाळूमाश्यांच्या बाबतीत ही परंपरा १७८६ पर्यंत मागे जाते. त्या साली स्कोपोली या पंडिताने इटलीकडील एका वाळूमाशीला 'पापाटासी' हे नाव दिले होते. पुढे १८४० मध्ये रोन्दानी या शास्त्रज्ञाने या सर्व माश्यांची 'फ्लेबोटोमस' ही प्रजाती स्थापिली. शिरा कापणारी, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. हे सर्व तपासून झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पंखांवरील शिरांची मांडणी, शृंगिकांच्या पेरांची लांबी, सोंडेजवळील अवयवांचे प्रमाण, नराच्या शेपटीकडील आकड्यांची घडण, यांचे मोजमाप घ्यावयाचे. केसाळ आणि नाजूक माशी हाताळताना केस गळतात, पाय तुटतात. आणि नेमका तुटलेला पायच ओळखीची खूण असतो. शेवटी ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो जपून ठेवावयाचा, म्हणजे पन्नास वर्षांनी शंका निघाली तर मूळ पुराव्याकडे जाता येते. जमिनीच्या व्यवहारात जे महत्त्व हद्दीच्या दगडाला, तेच येथे या नमुन्याला.

संग्रहालयाच्या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात, १९०८ साली, ॲनन्डेल यांनी पौर्वात्य देशांतील फ्लेबोटोमस माश्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ॲनन्डेल आणि ब्रुनेट्टी या दोघांच्या नावे एक नवी जाती नोंदली गेली: 'फ्लेबोटोमस आर्जेन्टिपेस'. लॅटिनमध्ये 'आर्जेन्टुम' म्हणजे चांदी आणि 'पेस' म्हणजे पाऊल. तिचे पाय रुपेरी दिसतात, म्हणून ही रुपेरी पावलांची माशी. नाव मोठे गोजिरवाणे आहे. ही माशी माणसाचे किंवा गुरांचे काय वाकडे करते याचा त्या नावात सुगावा नाही, कारण ते कोणासच ठाऊक नव्हते. या उपद्व्यापाचा उपयोग काय, असे त्या दिवशी कोणी विचारले असते, तर ही माशी आहे आणि ती दुसऱ्या माश्यांहून वेगळी आहे, एवढेच उत्तर त्यांना देता आले असते.

कलकत्त्यात हे नामकरण झाले तेव्हा त्याच बंगालात आणि शेजारच्या आसामात मृत्यूचा एक जुना फेरा चालू होता. काळा आजार या रोगाच्या नावाचा अर्थ मराठी श्रोत्यांस उलगडून सांगावयास नको. महिनोन् महिने रेंगाळणारा ताप, वाढलेली पांथरी, खंगत जाणारे शरीर आणि काळवंडणारी कातडी, अशी त्याची लक्षणे. औषधाविना बहुतेक रोगी दगावत. एकोणिसाव्या शतकाच्या साठीत बरद्वानच्या तापाने बंगालची गावे ओस पाडली, त्यांतही या रोगाचा वाटा होता असे पुढे मानले गेले. तेथून तो गारो टेकड्यांकडे आणि पुढे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात वर वर सरकत गेला. आसामातील नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने घटली. चार घरांतील एक घर विझावे, असा हा हिशेब आहे.

रोगाचे जंतू सापडले ते १९०३ साली. विल्यम लीशमन यांनी कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत राहून गेलेल्या आणि इंग्लंडात मृत्यू पावलेल्या एका सैनिकाच्या पांथरीत काही सूक्ष्म कण पाहिले होते. ते त्यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांना तेच कण आढळले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचा मान राखून या जंतूस 'लीशमानिया डोनोव्हानी' हे नाव दिले. दुसऱ्या वर्षी लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यास हा जंतू काचेच्या नळीत वाढवून दाखविला. शरीराहून थंड अशा त्या नळीत त्याला शेपटी फुटली आणि तो वळवळू लागला. याचा अर्थ असा दिसला की, माणसाच्या देहाबाहेर, बहुधा एखाद्या कीटकाच्या पोटात, त्याचे दुसरे घर असले पाहिजे.

पण कोणता कीटक? गरिबाच्या झोपडीत कीटकांना तोटा नाही. १९०७ साली मद्रासला पॅटन यांना ढेकणाच्या पोटात हे जंतू वाढताना दिसले आणि संशयाची सुई ढेकणावर गेली. पुढील कित्येक वर्षे विद्वानांनी ढेकणांमागे घालविली. माणसे मरत राहिली. ढेकूण निर्दोष होता. ज्या काळात हा तपास चालू होता त्या काळात खऱ्या गुन्हेगाराचे नाव, वर्णन आणि नमुना कलकत्त्याच्या संग्रहालयात व्यवस्थित नोंदलेले होते. फक्त त्या दप्तराकडे कोणी या नजरेने पाहिले नव्हते.

ती नजर आणली जॉन सिंटन यांनी. हे सैनिकी वैद्य होते. १९१६ च्या जानेवारीत मेसोपोटेमियात दोन्ही हातांवर व कुशीवर गोळ्या लागल्या असतानाही, इस्पितळात जाण्यास नकार देऊन ते दिवस मावळेपर्यंत जखमींची शुश्रूषा करीत राहिले, याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. युद्धानंतर कसौलीच्या संशोधनसंस्थेत बसून या शूर माणसाने वाळूमाश्यांच्या शरीरातील केस आणि पेरे मोजण्याचे काम हाती घेतले. देशभरातून आलेले नमुने पाहून त्यांनी एकेका जातीचा प्रांतवार पत्ता मांडला.

या कामाचे मर्म येथे आहे. सर्व वाळूमाश्यांना नुसते 'वाळूमाशी' म्हटले असते, तर काळ्या आजाराशी त्यांचा संबंध जोडणे अशक्य होते. कारण वाळूमाश्या पंजाबातही विपुल. मग तेथे काळा आजार का नाही? या एका प्रश्नावर तो तर्क तेथेच कोसळला असता. परंतु जाती वेगळ्या ओळखल्या म्हणजे चित्र पालटते. काही जाती तर माणसाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पालीसरड्यांच्या रक्तावर त्यांचे भागते. वायव्येच्या कोरड्या प्रदेशात मुख्यतः पापाटासी. बंगाल, आसाम, बिहार आणि मद्रासच्या बाजूस आर्जेन्टिपेस. सिंटन यांनी रोगाचा नकाशा आणि रुपेरी पावलांच्या माशीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले. ही माशी काळा आजार नसलेल्या प्रदेशातही आढळते हे खरे. पण या देशात जेथे काळा आजाराने ठाण मांडले होते, तेथे ही माशी हजर होती. दोन नकाशांचे हे बोलणे ज्या एका शब्दामुळे ऐकू आले तो शब्द १९०८ चा होता.

यानंतर तपासाला वेग आला. १९२४ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी काळा आजाराच्या रुग्णांना आर्जेन्टिपेस माश्या चावू दिल्या, आणि त्या माश्यांच्या पोटात शेपटीचे जंतू जोमाने वाढलेले पाहिले. योगायोग असा की, याच वर्षी ॲनन्डेल कलकत्त्यास निवर्तले. ब्रुनेट्टी १९२१ मध्ये हिंदुस्थान सोडून गेले होते; त्यांचा अंत १९२७ साली झाला. आपण ठेवलेल्या नावाचे पुढे काय झाले हे पुरते पाहणे दोघांच्याही वाट्यास आले नाही.

कारण अखेरचा पुरावा हाती येण्यास आणखी बराच अवधी होता. जंतू माशीच्या पोटात वाढतो हे कळले. ती चावून तो दुसऱ्यास देते हे सिद्ध व्हावयाचे होते. सरकारने नेमलेले काळा आजार कमिशन आसामात वर्षानुवर्षे खपत होते. १९३१ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका हॅम्स्टर उंदरास माशीच्या दंशाने रोग झालेला आढळला. पण माणसावर तीच गोष्ट घडून येईना. माशी एकदा रक्त प्याली, अंडी घालून झाली, की दुसरा दंश करण्यापूर्वीच पुष्कळदा मरून जाई. ही अडचण सुटली ती बेदाण्याने! कलकत्त्याचे स्मिथ व त्यांचे सहकारी हालदार आणि अहमद यांनी १९४० च्या सुमारास दाखविले की, रुग्णाचे रक्त प्याल्यावर माशीला बेदाण्यांचा गोड रस दिला तर ती जगते आणि तिच्या घशापाशी जंतूंची दाटी होते. अशी घसा तुंबलेली माशी पुन्हा चावली म्हणजे ते जंतू जखमेत उतरतात. माशीला गोड रस हवा असतो हे पूर्वीही ठाऊक होते. पण रोगाचा विचार करताना सर्वांचे लक्ष रक्ताकडे लागलेले होते.

१९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात या रीतीने पोसलेल्या माश्या स्वेच्छेने पुढे आलेल्या पाच माणसांना चावू दिल्या. पाचही जणांना काळा आजार झाला. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी शोधलेले 'युरिया स्टिबामीन' हे गुणकारी औषध तोवर उपलब्ध होते, ही गोष्ट खरी. तरी आजच्या कसोटीवर असा प्रयोग सहजासहजी उतरणार नाही. या शोधाचा इतिहास सांगताना शास्त्रज्ञांची नावे आपण घेतो. आपला हात माशीपुढे धरणाऱ्या त्या पाच माणसांचेही स्मरण त्यांच्याबरोबर झाले पाहिजे. त्यांच्या लेखाच्या मथळ्यात माशीचे पूर्ण नाव आहे आणि नावापुढे प्रथेप्रमाणे ॲनन्डेल व ब्रुनेट्टी यांचा संक्षिप्त उल्लेख आहे. बारशाला चौतीस वर्षे झाली होती.

माशी ओळखली म्हणजे तिचे घरही कळते. ती गोठ्याच्या आणि मातीच्या भिंतींवर विसावते, हे कळल्यावर लढाईचे मैदान ठरले. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध देशभर डीडीटीची फवारणी सुरू झाली. ती डासांसाठी होती. पण त्याच भिंतींवर बसणारी आर्जेन्टिपेसही तीत सापडली, आणि साठीच्या दशकात काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली, सावधपणा गेला. १९७७ मध्ये उत्तर बिहारात रोगाने पुन्हा डोके वर काढले आणि सुमारे एक लाख माणसे आजारी पडली. १९९२ साली देशातील रुग्णांची नोंद ७७ हजारांवर गेली. पुढे डीडीटीलाही ही माशी दाद देईनाशी झाली तेव्हा औषध बदलावे लागले. अखंड प्रयत्नांनंतर २०२३ साली भारतातील नोंद सहाशेच्या आत आली, आणि त्याच वर्षी बांगला देश हा काळा आजाराचे सार्वजनिक आरोग्यावरील संकट दूर केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळविणारा पहिला देश ठरला.

हा रोग पूर्वेकडचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला. काही वर्षांत तोच विषाणू औरंगाबादकडील वाळूमाश्यांतही मिळाला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात, पुढील वर्षी गुजरातेत, आणि पुन्हा २०२४ मध्ये गुजरातेत या तापाने मुलांचे बळी घेतले. तेथेही पहिला प्रश्न तोच आला: भिंतीवर बसलेली ही माशी कोणती?

हा प्रश्न सोपा नाही, आणि तो एकदाच सोडवून भागत नाही. अगदी आर्जेन्टिपेसच्याच बाबतीत पाहा. एकाच नावाखाली जवळच्या दोन-तीन जाती नांदत आहेत, आणि शृंगिकांवरील एका सूक्ष्म अवयवाच्या लांबीवरून त्या वेगळ्या करता येतात, असे या शतकात अभ्यासकांनी दाखविले आहे. ज्यांचे दिसणे एक त्यांचे वागणे एक असेलच असे नाही; कोणी माणसाकडे अधिक वळते, तर कोणी गुरांकडे. ही गुंतागुंत सोडविताना संशोधकांना १९०८ च्या वर्णनापर्यंत मागे जावे लागते. हद्दीचा दगड जागेवर असला म्हणजे मोजणी पुन्हा करता येते, ती अशी.

आपल्या देशात अजून नावे न ठेवलेल्या माश्या, चिलटे, किडे असंख्य आहेत, आणि त्यांचे केस व पेरे मोजत बसणारी माणसे मात्र मोजकीच. त्यांतील कोणत्या नावाची उद्या गरज पडेल हे आज सांगता यावयाचे नाही. ते ॲनन्डेल यांनाही सांगता आले नसते. म्हणून एखादा तरुण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चिलटाचे पाय पाहत बसलेला दिसला, तर त्याला निदान रिकामटेकडा म्हणू नये, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.